स्वप्न सांगावं कुणाला

मध्यंतरी सांगलीला एका बारशाला गेले होते. घुगऱ्या, सुंठवडा, पाळण्याला लावलेल्या झेंडूचा उग्र वास, आणि पंखा लावावा की लावू नये यावर दोन पिढ्यांचा वाद. बाळ जागं होतं. ओठांचा चंबू करून मान एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला वळवत होतं. माझ्या चुलतबहिणीची मुलगी मानसशास्त्रात एम. ए. करते. तिने शेजारणीला समजावून सांगायला घेतलं की मूल पहिलं सुख तोंडावाटेच घेतं, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने हे सांगून ठेवलंय, आणि हे सुख म्हटलं तर लैंगिकच असतं. शेवटचं वाक्य तिने आवाज खाली आणून म्हटलं. पण नेमका त्याच क्षणी पाळणा म्हणणाऱ्या बायकांनी श्वास घ्यायला म्हणून दम खाल्ला आणि ते वाक्य अख्ख्या हॉलभर झालं. पहिल्या रांगेतल्या काकूआजी म्हणाल्या, "सुख कसलं घेतंय गं, भूक लागलीय त्याला. द्या आईकडे." हॉल हसला. मीही हसले. ती पोर मान खाली घालून मोबाइल चाळत बसली.

परतीच्या एस. टी.त मला ते हसणं टोचायला लागलं. काकूआजींचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. बाळाला भूक लागलीच होती, आईजवळ देताच ते शांतही झालं. पण त्या मुलीचा मुद्दा कुणी खोडला नव्हता, आम्ही तो नुसता हसून बाजूला सारला होता. आणि मग लक्षात आलं, हेच वाक्य, जवळजवळ असंच्या असं, मी आधी वाचलेलं आहे. चीनचा थोर लेखक लू शुन याने 1933 साली ते लिहिलं होतं. जन्मून फार दिवस झालेले नसताना मूल, मुलगा असो की मुलगी, ओठ पुढे काढून डोकं इकडेतिकडे फिरवतं. ते काय भिन्नलिंगी व्यक्तीचं चुंबन घ्यायला? छे, सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला खायचं असतं! त्याच लेखात आणखी एक टोला आहे: फ्रॉइडकडे बहुधा चार पैसे असावेत, पोट भरलेलं असावं, म्हणून त्याला जेवणाची भ्रांत कळली नाही, नजर कामवासनेवरच खिळली. आपल्याकडच्या कुठल्याही पारावर खपेल असं वाक्य. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दाद देऊन पुढे गेले होते. आता त्याच्या मागेपुढे काय आहे ते नीट बघावंसं वाटलं.

निमित्त होतं एका मासिकाचं. शांघायच्या 'तुंगफांग झाझी'ने, म्हणजे 'पौर्वात्य मासिका'ने, 1933च्या नववर्ष अंकासाठी देशभरातल्या लेखक-प्राध्यापकांना पत्रं पाठवली. प्रश्न दोन. तुमच्या स्वप्नातला उद्याचा चीन कसा आहे? आणि तुमच्या खाजगी आयुष्याबद्दल तुमचं स्वप्न काय? आदल्याच वर्षी जानेवारीत जपानी विमानांनी त्या मासिकाच्या प्रकाशनसंस्थेवर, कमर्शियल प्रेसवर, बॉम्ब टाकले होते. छापखाना गेला, पाठोपाठ संस्थेचं प्रचंड ग्रंथालय जळून गेलं. त्या राखेतून उठून संपादक हू यूझी लोकांना स्वप्नं विचारत होते. शंभराहून जास्त जणांनी उत्तरं पाठवली. उद्या सगळ्यांना जेवायला मिळेल, वर्ग उरणार नाहीत, अवघं जग एक होईल. अशा उत्तरांचा ढीग बघून संपादकांनी शेवटी फ्रॉइडचा हवाला देत टिपण जोडलं की खरं अस्सल स्वप्न माणसाच्या तळातलं गुपित सांगतं, त्याला समाजकार्याचा वास नसतो. लू शुनने यावर 'स्वप्नं ऐकताना' या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. त्याची सुरुवात अशी आहे: स्वप्न बघायला मोकळीक असते, सांगायला नसते. बघताना माणूस खरं स्वप्न बघतो, सांगताना खोटं बोलणं टळत नाही.

पुढे तो विचारतो, फ्रॉइड म्हणतो दडपलेलं ते स्वप्नात येतं. ठीक, पण दडपतं कोण? आणि या सगळ्यांना समतेचं राज्य स्वप्नात दिसतं, त्याच्या आधी येणारे बॉम्ब, हत्या, नाकात ओतलेलं मिरचीचं पाणी, विजेचे झटके हे कुणालाच कसे दिसत नाहीत? नाकात मिरचीचं पाणी ही अलंकारिक भाषा नव्हती. त्या वेळच्या तुरुंगांत ते चालायचं. हू यूझींचं संपादकपद त्यानंतर काही महिन्यांतच गेलं.

म्हणजे पोटाचा तो विनोद एका फार गंभीर लेखात बसलेला आहे. आणि तरीही विनोद तो विनोदच. बाळाची भूक दाखवून लू शुन फ्रॉइडला गप्प करतो, आणि वाचकाला हसवून स्वतः त्या प्रश्नातून निसटतो. कारण फ्रॉइड त्याला परका नव्हता. फ्रॉइडच्या विचारावर उभं असलेलं कुरियागावा हाकुसोन या जपानी समीक्षकाचं पुस्तक त्याने स्वतः 1924 साली चिनीत आणलं होतं. त्याही आधी, 1922च्या हिवाळ्यात, त्याने न्यूवा देवीची कथा लिहायला घेतली होती. मातीतून माणसं घडवणारी, फाटलेलं आभाळ सांधणारी आदिमाता. त्याने पुढे लिहूनच ठेवलंय की माणसाच्या आणि साहित्याच्या जन्माची कूळकथा फ्रॉइडच्या आधाराने सांगायचा त्याचा बेत होता. कथेचा आरंभ आजही अंगावर येतो: गुलाबी आभाळ, झोपेतून दचकून उठलेली ती अवाढव्य बाई, काहीतरी अपुरं आहे आणि काहीतरी फार जास्त आहे असं तिला वाटणं, आणि मग नकळत हातात आलेली माती. पण मधेच त्याने हात थांबवून वर्तमानपत्र उघडलं. त्यात कुणा तरुण समीक्षकाने एका कवीच्या प्रेमकवितांवर, डोळ्यांत पाणी आणून, अश्लीलतेचा आरोप केला होता. लू शुनला हसू आलं. कथेकडे परतल्यावर त्याला राहवेना. न्यूवाच्या दोन पायांमध्ये प्राचीन दरबारी पोशाख घातलेला एक बुटका सभ्य गृहस्थ येऊन उभा राहिला आणि तिला नीतीचे धडे देऊ लागला. कथा तिथे घसरली. हे मी म्हणत नाही, तोच म्हणतो: इथून मी गांभीर्य सोडून थिल्लरपणात उतरलो, थिल्लरपणा हा लेखनाचा मोठा शत्रू, आणि मी स्वतःवर फार नाराज आहे.

हसण्याची किंमत त्याला ठाऊक होती तर.

फ्रॉइड वाचणाऱ्या त्या काळच्या चिनी लेखकमंडळींबद्दल वाचताना मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. चीनमध्ये फ्रॉइड इस्पितळाच्या दारातून आला नाही, तो मासिकांतून आला. 1919च्या चार मेच्या चळवळीनंतर जुनं सगळं मोडायला निघालेल्या पिढीला जी जी परदेशी हत्यारं हवी होती त्यात हेही एक होतं. ते त्यांनी चालवलं ते दुसऱ्यांवर. मेलेल्यांवर, जुन्या नाटककारांवर, कादंबऱ्यांतल्या पात्रांवर. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस 1922 सालीच मनोविश्लेषणाची संस्था काढून प्रत्यक्ष रुग्ण बघत होते, फ्रॉइडशी पत्रांतून वाद घालत होते. चीनमध्ये त्या काळात तशी संस्था निघाली नाही. तिथे वाचक होते, अनुवादक होते, कथाकार होते. चिकित्सकापुढे मन मोकळं करायला कोचावर आडवं मात्र कुणी होत नव्हतं.

यातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं प्रकरण पान ग्वांगदानचं. वय तेवीस, बीजिंगच्या छिंगह्वा विद्यालयाचा विद्यार्थी. उंच उडीत पाय दुखावला, दुखणं चिघळलं, एक पाय कापावा लागला. कुबड्यांवर वर्गात यायचा. लियांग छिछाओ यांच्यासारखा मातब्बर माणूस इतिहास शिकवत होता, त्यांच्यासाठी निबंध लिहायचा होता. पानने विषय निवडला फंग श्याओछिंग. तीनशे वर्षांपूर्वीची मुलगी. हांगझोच्या एका श्रीमंत घरात उपपत्नी म्हणून आणलेली. थोरलीने मत्सरापायी तिला पश्चिम सरोवरातल्या एकांड्या टेकडीवर नेऊन ठेवलं. पुस्तकं, आरसा, पाणी, एवढाच शेजार. सरोवराच्या पाण्यात स्वतःच्या प्रतिबिंबाशी ती बोलत बसे. तिची एक ओळ चिनी वाचकाला तोंडपाठ असते: कृश सावली आपणहून वसंतातल्या पाण्यावर येऊन बघते, तू माझी कीव करायला हवीस, मी तुझी करते. मरणाआधी तिने चित्रकाराला बोलावून स्वतःचं चित्र काढून घेतलं. पहिलं परत पाठवलं, चेहरा आलाय, जीव आला नाही. दुसरंही नापसंत. मग चित्रकाराला समोर बसवून ती चहा करत, पुस्तकं चाळत, दासीशी बोलत घरात वावरली आणि तिसरं चित्र मनासारखं उतरलं. त्या चित्रापुढे तिने धूप लावला, नासपातीच्या दारूचा नैवेद्य दाखवला, आणि रडत रडत गेली. सोळाशे बारा साल, वय अठरा.

तीन शतकं हांगझोचे रसिक या मुलीवर कविता करत आले, नाटकं लिहीत आले. गोष्ट साधी होती, मत्सरी सवतीने मारलेली गुणी पोर. पानने ती उलटी करून ठेवली. तो म्हणाला, ती स्वतःच्याच प्रतिमेच्या प्रेमात होती. बाहेर जाणारी वासना अडली, माघारी वळली आणि आरशात अडकली. फ्रॉइडची आत्मरतीची कल्पना हाती घेऊन त्याने तिच्या कविता, तिचं शेवटचं पत्र, ते तीन वेळा काढलेलं चित्र, सगळं एखाद्या रुग्णाच्या कागदपत्रांसारखं वाचलं. ती मुळात होऊन गेली की नाही यावरच जुन्या पंडितांना शंका होती, म्हणून आधी ती होती हे सिद्ध करायची खटपट केली. निबंध 1924 साली स्त्रियांच्या एका मासिकात छापून आला आणि 1927 साली पुस्तक झालं. कवी वन यिदुओने त्यासाठी आरशासमोर बसलेल्या बाईचं चित्र काढून दिलं. लियांग छिछाओंनी शेरा मारला तो असा की तुझी बुद्धी इतकी स्वच्छ आहे की तू शास्त्रज्ञ होशील, भावना इतकी खोल की साहित्यिक होशील. पण एक काहीतरी धर, माझ्यासारखा चहूकडे पसरू नकोस. गुरूने असा शेरा द्यावा आणि त्यात स्वतःलाच चिमटा काढावा, हे मला फार आवडतं.

पण पुस्तकाबद्दल माझं मन दोन्हीकडे जातं. एकीकडे वाटतं, तीनशे वर्षं ज्या मुलीवर नुसते उसासे टाकले गेले तिच्याकडे पहिल्यांदा कुणी तरी माणूस म्हणून बघितलं. तिलाही वासना होती, ती नुसती बिचारी नव्हती. शेवटी पान स्पष्टच म्हणतो की दोष तिचा नाही, बायकांना कोंडून ठेवणाऱ्या आणि त्यांच्या देहाबद्दल ब्र न काढणाऱ्या समाजाचा आहे. दुसरीकडे वाटतं, ज्या घरात माणसं नव्हती तिथे पाण्याशी बोलणाऱ्या मुलीला रोगाचं नाव देणं सोपं होतं. ती उलट काही बोलणार नव्हती. कोचावरचा रुग्ण 'नाही, असं नाहीये' म्हणू शकतो, तेवढा त्याचा हक्क असतो. श्याओछिंगला तो नव्हता. आणि वाचताना मला त्या लेखकाचा पाय आठवत राहतो. स्वतःच्या प्रतिमेत काही उणं दिसू नये म्हणून तीन तीन चित्रं काढून घेणारी ती, आणि तिच्याबद्दल लिहायला कुबड्या टेकून ग्रंथालयात जाणारा हा. पुस्तकाचा विषय अर्थातच तो नाही.

कवी ग्वो मोरुओचं तंत्र याहून धीट आणि मला विचाराल तर जास्त उथळ. 'पश्चिम कक्षाची कथा' हे सहाशे वर्षांपूर्वीचं प्रेमनाट्य चीनमध्ये घराघरांत लपवून वाचलं जायचं. ग्वोने 1921 साली त्याच्या नाटककारालाच तपासायला घेतलं. नाटकात नायिकेच्या बांधलेल्या इवल्या पावलांची वर्णनं पुनःपुन्हा येतात, तेव्हा या माणसाची कामवासना पावलांवर अडकलेली असली पाहिजे, असा निवाडा दिला. तिथून थेट पाय बांधण्याच्या अख्ख्या प्रथेवर आला. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला विकृत ठरवायला धाडस कितीसं लागतं? स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र त्याने एक मजेशीर वाट काढली. 1922 साली एक कथा लिहिली. नायक त्याच्यासारखाच जपानात वैद्यकी शिकणारा, बायकोमुलं असलेला. आजारी मित्राला भेटायला जातो, तिथली परिचारिका मनात भरते. रात्री स्वप्न: ती परिचारिका त्याला डोंगरावर भेटते, छाती तपासा म्हणून कपडे सैल करते, तोच मित्र धावत येतो, तुझ्या बायकोने दोन्ही मुलांना मारून टाकलं! एका समीक्षकाने लिहिलं, कथा सपक आहे, हिला कळसच नाही. ग्वो चिडला. त्याने पुढच्या वर्षी लेख लिहून सांगितलं की कळस त्या स्वप्नातच आहे, आणि दिवसभरात घडलेली कोणती गोष्ट स्वप्नात कुठे शिरली याचा तपशीलवार हिशेब मांडला. स्वप्न रचायचं आपण, उलगडायचंही आपण, आणि सगळं कथेतल्या नायकाच्या नावावर. या माणसाने पुढे 1966 साली, माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या तोंडावर, आपण आजवर लिहिलेलं सगळं जाळून टाकायच्या लायकीचं आहे असं जाहीर केलं. विज्ञान अकादमीचा अध्यक्ष होता तेव्हा तो.

कथाकार यू दाफूची 1921ची कथा त्या मानाने खरी उघडी. तीही जपानातली. एकटा चिनी विद्यार्थी, न्हाणीघराच्या काचेतून घरमालकाच्या मुलीकडे बघणं, पांघरुणातली चोरटी सवय, त्यानंतरचा पश्चात्ताप. चिनी वाचकाने असलं काही छापलेलं बघितलं नव्हतं. आरडाओरडा झाला तेव्हा लू शुनच्या धाकट्या भावाने, झोऊ झुओरेनने, मनोविश्लेषणाचा आधार घेऊन कथेची बाजू लढवली: हे अश्लील नाही, दडपलेल्या मनाचं हे दुःख आहे. ही वकिली गाजली, पुस्तक तरलं. पण शेवट बघा. तो मुलगा समुद्राकडे निघतो आणि म्हणतो, मायभूमी, माझ्या मरणाला तू कारण आहेस! लवकर श्रीमंत हो, बलवान हो! इतकं खाजगी दुःख, आणि ते बोलायला शेवटी देश मधे घ्यावा लागला. मी विशीत हे वाचून कपाळाला हात लावला होता. आता लावत नाही. परक्या गावात 'चिनी' म्हणून हिणवलं जाणाऱ्या मुलाला स्वतःची लाज कुठे संपते आणि देशाची कुठे सुरू होते हे कसं कळावं?

या घोळक्यात एक गृहस्थ अगदी अनपेक्षित. झांग शीझाओ. 1925 साली ते शिक्षणमंत्री होते, बोलीभाषेतल्या नव्या साहित्याचे कट्टर विरोधक, जुन्या अभिजात चिनीचे अभिमानी. विद्यार्थिनींच्या आंदोलनाची बाजू घेतली म्हणून त्यांनी मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याला नोकरीवरून काढलं. तो अधिकारी म्हणजे लू शुन. तो कोर्टात गेला आणि जिंकला. तर हे झांग पुढे युरोपात असताना फ्रॉइडच्या नादाला लागले आणि त्यांनी थेट व्हिएन्नाला पत्र टाकलं. मे 1929 मध्ये फ्रॉइडचं उत्तर आलं: तुम्ही तुमच्या देशात मनोविश्लेषणाचा रस्ता तयार करा, किंवा आमच्या कल्पना तुमच्या भाषेच्या पुराव्यावर तपासून आमच्या नियतकालिकात लिहा, दोन्हीने मला आनंदच होईल. आणि पुढे कबुली: मी व्याख्यानांत चिनीबद्दल जे सांगितलं ते एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातून घेतलेलं आहे. फ्रॉइडच्या लिहिण्याच्या टेबलावर पुरातन मूर्तींच्या गर्दीत एक चिनी विद्वान उभा असे. सकाळी कामाला बसताना तो त्याला अभिवादन करायचा, असं त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईंनी सांगून ठेवलंय. जिवंत चिनी विद्वानाचं पत्र आलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल? झांगनी लेख पाठवण्याऐवजी फ्रॉइडचं आत्मकथन अभिजात चिनीत उतरवलं, 1930 साली ते छापलं गेलं, आणि ज्या नव्या पिढीला फ्रॉइड हवा होता तिला ती जुनी भाषा नको होती. त्याच वर्षी गाओ ज्युएफूने फ्रॉइडची व्याख्यानं साध्या चिनीत आणली. ती वाचली गेली.

कथाकारांत ज्याने हे हत्यार खरोखर कसबाने चालवलं तो शांघायचा शी झत्सुन. त्याच्या आवडीचा लेखक व्हिएन्नाचा श्निट्झलर, ज्याला फ्रॉइडने लिहिलं होतं की मी तुम्हाला भेटायचं टाळत आलो, स्वतःचाच जोडीदार दिसेल या भीतीने. शी झत्सुनने श्निट्झलरचे अनुवाद केले आणि मग जुन्या चिनी गोष्टींत शिरला. 1929 साली त्याने कुमारजीवावर कथा लिहिली. वडील भारतातले, आई मध्य आशियातल्या कुचा राज्याची राजकन्या. संस्कृत सूत्रं चिनीत आणणारा सगळ्यात मोठा भाषांतरकार. पंधराशे वर्षं त्याच्याबद्दल एक अवघड गोष्ट चरित्रांत नोंदलेली होती, की सेनापतीने त्याला दारू पाजून एका राजकन्येबरोबर कोंडलं आणि त्याचं व्रत मोडलं. पुढे छांगआनच्या राजाने असली बुद्धी वाया जाऊ नये म्हणून त्याच्याकडे दहा बायका पाठवल्या. भिक्षू कुजबुजले तेव्हा त्याने वाटीभर सुया गिळून दाखवल्या: हे जमत असेल तर माझं अनुकरण करा. चरित्रकारांनी हा चमत्कार म्हणून लिहिला. शी झत्सुनने विचारलं, सुया गिळताना त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं? त्याच्या कथेत गर्दीतली एक बाई दिसते, मेलेली बायको आठवते, आणि सुई जिभेत रुतते. आख्यायिका म्हणते, चितेत सगळा देह जळाला, जीभ तेवढी उरली, कारण भाषांतरात त्याने खोट केली नव्हती. कथेतही जीभच उरते, भाविक ती पूजतात, पण वाचकाला आता त्या जिभेवर आणखी काय काय होतं ते माहीत झालेलं असतं. मला वाटतं, चीनमध्ये फ्रॉइडच्या विचारातून जे काही निघालं त्यात ही कथा टिकणारी आहे, कारण इथे निवाडा नाही. पानने श्याओछिंगला निदान दिलं, शी झत्सुनने कुमारजीवाला संशय दिला. लू शुनचं याच्याशीही वाजलं, 1933 साली. त्याचं कुणाशी वाजलं नाही असा माणूस शोधायला हवा.

रुग्ण बघणारे अगदी नव्हतेच असं नाही. अमेरिकेत शिकलेले बिंगहॅम दाई 1935 ते 1939 बीजिंगच्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करत होते. जपानी अमलाखाली राहणं अशक्य झालं तेव्हा गेले. फ्रॉइडचा जुना प्रकाशक श्टोर्फर हिटलरपासून पळून शांघायला पोचला होता, 1939 सालीच तिथून त्याने जर्मन मासिक काढलं. तोही दोन-अडीच वर्षांत ऑस्ट्रेलियाला गेला. युद्ध, यादवी, मग 1949ची साम्यवादी राजवट. नंतर सोव्हिएत रशियाकडून पाव्हलोवचं मानसशास्त्र, त्याचे ते कुत्रे आले आणि फ्रॉइड भांडवलदारांच्या खात्यात जमा झाला. शी झत्सुनला 1957 साली 'उजवा', म्हणजे क्रांतीचा विरोधक ठरवलं. तो जुन्या शिलालेखांच्या ठशांकडे वळला आणि 2003 पर्यंत, शंभरीला टेकेस्तोवर जगला. पानवरही तोच शिक्का बसला. त्याआधी युद्धकाळात, कुनमिंगवर बॉम्ब पडत असताना, त्याने हॅवलॉक एलिसचं कामविज्ञानाचं पुस्तक अनुवादून त्याला जुन्या चिनी ग्रंथांतल्या शेकडो नोंदींची भलीमोठी तळटीप-संपदा जोडली होती. सांस्कृतिक क्रांतीत त्या एका पायाच्या म्हाताऱ्याला गवत उपटायला लावलं. बसायला स्टूल मागितलं तर ते नाकारलं. जून 1967 मध्ये तो शिष्य आणि शेजारी फेई श्याओथोंगच्या हातांत गेला. आपल्या त्या दिवसांचं वर्णन तो चार इंग्रजी शब्दांत करायचा असं सांगतात: सरेंडर, सबमिट, सर्व्हाइव्ह, आणि शेवटी सकम्ब. गाओ ज्युएफूचा अनुवाद 1984 साली परत छापला गेला, पुढे लांबलचक प्रस्तावना जोडून, ज्यात अनुवादकाने स्वतःच फ्रॉइडचे दोष मोजून दाखवले होते. पोरांनी प्रस्तावना ओलांडून पुस्तकावर उड्या टाकल्या.

मग स्वतःला आडवं करून कुणी बघितलंच नाही का? बघितलं, आणि तेही त्या हसणाऱ्यानेच. 'रानगवत' या लू शुनच्या गद्यकाव्यांत 1925 साली लिहिलेले ओळीने सात तुकडे 'मला स्वप्न पडलं' या शब्दांनी सुरू होतात. सांगायला मोकळीक नसते म्हणणारा माणूस सात वेळा सांगतो. त्यातल्या एकात तो एका थडग्यासमोर उभा आहे. दगडावर लिहिलंय: स्वतःचं हृदय उपटून खाल्लं, मूळ चव कळावी म्हणून. पण यातना इतकी तीव्र, की चव कळणार कशी? यातना निवल्यावर सावकाश खाल्लं. पण तोवर हृदय शिळं झालेलं, आता मूळ चव कळणार कशी? आत्मपरीक्षणाबद्दल याहून नेमकं मी काही वाचलेलं नाही. मनोविश्लेषणाने या पेचावर काढलेला तोडगा एवढाच, की खाणारा दुसरा असावा. तेवढंच तर या पिढीकडे नव्हतं. ऐकून घेणारा आणि बाहेर न बोलणारा दुसरा माणूस. शेजारी, भाऊ, पक्ष, पोलीस, सगळे होते, तो नव्हता.

आता तो मिळतो. 1997 पासून जर्मन तज्ज्ञांनी चिनी डॉक्टरांना शिकवायला घेतलं. छंगदूत पॅरिसहून शिकून आलेल्या ह्वो दाथोंगने फ्रेंच मनोविश्लेषक लाकानचं घराणं रुजवलं. अमेरिकन विश्लेषक इंटरनेटवरून चिनी विद्यार्थ्यांना शिकवतात, त्यांची विश्लेषणंही करतात. संगणक डोक्यामागे ठेवून आडवं व्हायचं आणि समुद्रापलीकडच्या माणसाला स्वप्न सांगायचं. ग्वोने आणि यूने जपानात राहून सांगितलं, हे इंग्रजीत राहून सांगतात. अंतर पडल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे मला अजिबात नवल वाटत नाही.

पण माझा जीव जडलाय तो झोंग यूबिन या डॉक्टरवर. बीजिंगच्या एका पोलाद कारखान्याच्या इस्पितळातला हा माणूस. त्याने 1988 साली पुस्तक लिहून आपल्या पद्धतीला बेधडक 'चिनी मनोविश्लेषण' म्हटलं. वर्षानुवर्षं कोचावर नाही, थोड्याच भेटी. समोरासमोर बसायचं. हात धुऊन धुऊन साल निघालेली बाई असो, की रस्त्यावर अंगप्रदर्शन करून पकडलेला कामगार, त्याला समजावून सांगायचं की ही भीती, ही खोड लहान मुलाची आहे. तू मोठा झालास, ती मोठी झाली नाही. घरी जाऊन काय पटलं, काय पटलं नाही ते लिहून आणायचं. आणि एक दिवस आपल्याच भीतीचं पोरपण दिसून रुग्णाला स्वतःचं हसू यावं, इथवर त्याला न्यायचं. फ्रॉइडच्या घराण्यातले शुद्धतावादी याला मनोविश्लेषण म्हणणार नाहीत. मला हरकत नाही. इथे हसायचा हक्क ज्याचं दुखतंय त्याला दिलेला आहे. कधी वेळ आलीच तर मी अशाच डॉक्टरकडे जाईन. फक्त त्याच्या पद्धतीत एक सोय आहे, की रुग्णाची हरकत नसेल तर घरचं एक माणूस सोबत बसू शकतं. त्याला मी बाहेर बाकावर बसवीन.